त्यांना नाताळ ठाऊक होता

लंडनच्या नॉटिंग हिल भागात, बेसिंग स्ट्रीटवर एक जुने चर्च होते. प्रार्थना बंद पडल्यावर तिथे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ झाला आणि १९८४ साली त्याला 'सार्म वेस्ट' म्हणत. त्या वर्षी २५ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळपासून ब्रिटनमधले गाजते पॉप गायक एकामागून एक तिथे येऊ लागले. स्टिंग आला, जॉर्ज मायकेल आला, यू-टू या आयरिश बँडचा बोनो आला, फिल कॉलिन्स स्वतःचे ड्रम घेऊन आला. बॉय जॉर्ज न्यूयॉर्कमध्ये होता. तो कॉंकॉर्ड विमानाने संध्याकाळी पोचला. स्टुडिओचा मालक ट्रेव्हर हॉर्न याने २४ तास जागा फुकट दिली होती, तेवढ्यात सगळे उरकायचे होते. प्रत्येकाने माइकपुढे गाणे म्हणायचे आणि कुणाची कुठली ओळ ठेवायची ते मिज युअरने ठरवायचे, असा रिवाज ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणे तयार होते: 'डू दे नो इट्स ख्रिसमस?', म्हणजे, नाताळ आला आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का? गाणाऱ्या जथ्याला नाव दिले होते 'बँड एड'. इंग्रजीत जखमेवर लावायच्या चिकटपट्टीला हेच नाव आहे, आणि या श्लेषात थोडी कबुलीही होती. एवढ्या मोठ्या जखमेला ही एवढीशी पट्टी.

या खटाटोपामागे होता बॉब गेल्डॉफ, 'बूमटाउन रॅट्स' या आयरिश बँडचा गायक. त्याच्या बँडचे दिवस तेव्हा फिरले होते. रेकॉर्डी खपत नव्हत्या. २३ ऑक्टोबरला बीबीसीच्या बातम्यांमध्ये त्याने इथिओपियातल्या कोरेम गावची दृश्ये पाहिली. वार्ताहर होता मायकेल बर्क. पण ती दृश्ये माणसाच्या मनात घर करून बसली ती कॅमेऱ्यामागच्या मोहम्मद अमीनमुळे. अमीन नैरोबीत जन्मलेला, पंजाबी मुळाचा केनियन. पहाटेच्या धुक्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली हजारो माणसे, आणि त्यांच्यावरून संथपणे सरकत जाणारा कॅमेरा. बातमी म्हणून हे पहिलेच नव्हते. त्याच जुलैमध्ये ब्रिटिश टीव्हीवर इथिओपियावर माहितीपट झाला होता, मदतीचे आवाहनही झाले होते. त्या उन्हाळ्यात जे कानावर पडून गेले, ते ऑक्टोबरमध्ये डोळ्यांत उतरले.

गेल्डॉफकडे रॅट्सनी नाकारलेली एक अर्धवट चाल होती. मिज युअरने घरच्या स्टुडिओत बसून तिला आकार दिला, बहुतेक वाद्यसंगत तिथेच बांधली. आवरण पीटर ब्लेकने केले. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चे गाजलेले आवरण त्याच चित्रकाराचे. डिसेंबरात तबकडी बाजारात आली आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख खपली. पाच आठवडे ती ब्रिटनच्या यादीत पहिली राहिली. जॉर्ज मायकेलच्या 'व्हॅम'चे 'लास्ट ख्रिसमस' तिच्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर अडकले, तेव्हा त्यानेही आपल्या गाण्याचे मानधन दुष्काळनिधीलाच दिले. (त्या बिचाऱ्या गाण्याला पहिला क्रमांक मिळायला २०२१ साल उजाडावे लागले, जॉर्ज मायकेल तोवर हयात नव्हता.) १९९७ साली डायनाच्या मृत्यूनंतर एल्टन जॉनचे गाणे येईपर्यंत ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली एकेरी तबकडी हीच होती. गेल्डॉफने मनात हिशेब केला होता काही हजार पौंडांचा. वर्षभरात जमले ८० लाख पौंड.

एक किस्सा मात्र नीट सांगायला हवा, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. रेकॉर्ड कंपनी, वितरक, बरेच दुकानदार यांनी आपापला नफा सोडला. सोडला नाही तो सरकारने. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तबकडीवरचा १५ टक्के मूल्यवर्धित कर माफ करायला नकार दिला. कर तो कर, त्यात भुकेल्यांसाठी अपवाद नाही. लोक संतापले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली, तेव्हा सरकारने कर वसूल करून तेवढीच रक्कम मदतीला दिली. याच वर्षी ब्रिटन आणि युरोपात गव्हाचे विक्रमी पीक आले होते, आणि भाव पडू नयेत म्हणून विकत घेतलेले धान्य आणि लोणी सरकारी कोठारांत साठून राहिले होते. एका समारंभात गेल्डॉफने थॅचरबाईंना त्या लोण्याविषयी तोंडावर विचारले. बाईंचे उत्तर मुत्सद्दी होते.

मदतीसाठी पॉप गाणे काढायची कल्पना गेल्डॉफची नव्हे. तिचा माग घेत गेलो तर आपण एका सतारियाच्या दाराशी येतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून भारतात निर्वासितांचे लोंढे येत होते, त्याआधीच्या नोव्हेंबरमधल्या चक्रीवादळाने किनारा धुऊन नेला होता. पंडित रविशंकर यांचे घराणे मूळचे त्याच बंगालमधले. त्यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन याला विचारले, काही करता येईल का? हॅरिसनने 'बांगला देश' नावाचे गाणे लिहिले आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन मैफली झाल्या. पहिला भाग रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांचा. वाद्ये सुरात लावून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि रविशंकरांनी मिस्किलपणे त्यांचे आभार मानले, हा प्रसंग ध्वनिमुद्रिकेवरही आहे. रविशंकरांनी स्वतः 'जय बांगला' ही बंगाली तबकडी काढली, तीही हॅरिसनच्या देखरेखीखाली.

त्या मैफलींच्या तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर लगेच युनिसेफकडे गेले. रेकॉर्ड आणि चित्रपटाचे पैसे मात्र अमेरिकी करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडले, कारण धर्मादाय संस्थेची कागदपत्रे आधी केलेली नव्हती. निर्वासित आपापल्या घरी परतले, नवा देश उभा राहिला, तरी पैसे खात्यातच. तेरा वर्षांनी गेल्डॉफने आधी विश्वस्त निधी नोंदवला, मग हिशेब सुरू केला. या बाबतीत तो हॅरिसनपेक्षा शहाणा निघाला.

पण दुसऱ्या एका बाबतीत हॅरिसनचे गाणे पुढे होते. ऑगस्ट १९७१मध्ये 'बांगला देश' हे दोन शब्द उच्चारणे म्हणजे बाजू घेणे होते. तो देश जगाच्या नकाशावर नव्हता. अमेरिकेचे सरकार पाकिस्तानच्या लष्करी राजवटीच्या पाठीशी होते. न्यूयॉर्कमध्ये उभे राहून ते नाव घेतले की श्रोत्याला प्रश्न पडायचाच: हे संकट आले कुठून? बँड एडच्या गाण्यात इथिओपियाचे नाव एकदाही येत नाही. येते ते 'आफ्रिका' एवढेच. माझ्या मते या गाण्याची सगळी ताकद आणि सगळा दोष या एका वगळण्यात आहे.

गाणे सांगते काय? पहिल्या भागात आपल्याकडचा नाताळ: उजेड, आनंद, घरची ऊब. मग खिडकीबाहेरचे जग, जिथे भीती आहे आणि पाणी म्हणजे फक्त अश्रू. पुढे, यंदाच्या नाताळात आफ्रिकेत बर्फ पडणार नाही अशी खंत. तिथे काही उगवत नाही, पाऊस नाही, नद्या नाहीत. आणि सर्वांत गाजलेली ओळ, जी बोनोच्या वाट्याला आली आणि जी म्हणायला तो आधी कचरला होता: ही वेळ तुझ्यावर नव्हे, त्यांच्यावर आली याबद्दल देवाचे आभार मान. ही ओळ क्रूर आहे, पण मला ती गाण्यातली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. दान देणाऱ्याच्या मनाच्या तळाशी जे असते ते तिने वर आणले. बाकी ओळींचे तसे नाही. नद्या नाहीत म्हणे. निळी नाईल इथिओपियातल्या ताना सरोवरातून निघते आणि इजिप्तला पोचणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तिचाच. सबंध आफ्रिकेत बर्फ नाही हेही खरे नाही. किलिमांजारो शाळकरी मुलांनाही माहीत असतो.

आणि मथळ्यातला प्रश्न? इथिओपियातल्या अक्सुमच्या एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात. इंग्लंडमध्ये कँटरबरीला ऑगस्टीनचे मिशन पोचले ते ५९७ साली. म्हणजे ज्यांना विचारले जात होते त्यांचे चर्च, विचारणाऱ्यांच्या चर्चपेक्षा दोनशेहून अधिक वर्षे जुने. तिथला नाताळ 'गेन्ना' नावाने ७ जानेवारीला येतो, कारण त्यांचे पंचांग वेगळे. त्याआधी कित्येक आठवडे श्रद्धाळू लोक मांस, दूध, लोणी वर्ज्य करून उपास पाळतात. लालिबेला इथे एकसंध खडकात, वरून खाली कोरत नेलेली चर्च आहेत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्याला ही पद्धत चटकन समजेल. गेन्नाच्या पहाटे पांढरी वस्त्रे नेसलेले पुरोहित तिथल्या 'बेते मरियम'च्या अंगणाभोवती कड्याच्या काठावर ओळीने उभे राहतात, काही खाली अंगणात, आणि वरचे-खालचे मिळून येशूजन्माची स्तोत्रे गातात. हे लालिबेला कुठे आहे? वोलो प्रांतात. कोरेमही तेव्हा त्याच प्रांतात मोडत होते. कॅमेऱ्यात दिसलेल्या त्या धुक्यातल्या माणसांपैकी कितीतरी जण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते, आणि जे मुसलमान होते त्यांनाही शेजाऱ्याचा सण ठाऊक असणारच.

गाणे घाईत लिहिले होते, चार मिनिटांच्या पॉप गाण्याकडून भूगोलाची अपेक्षा कशाला, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण ही चूक अज्ञानाची तेवढी नाही, गरजेची आहे. लाखो अनोळखी लोकांनी खिशात हात घालावा, तोही नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, यासाठी दुःख निरपराध असावे लागते. त्यामागे युद्ध, पक्ष, सेनापती आले की माणूस थबकतो. म्हणून दुष्काळ आभाळातून पडलेला दाखवायचा आणि माणसे मुकी.

तो आभाळातून पडला नव्हता, निदान सगळा तरी नव्हता. १९७४पासून इथिओपियावर 'दर्ग' नावाच्या लष्करी मंडळाची सत्ता होती, प्रमुख कर्नल मेंगिस्तू हाइले मरियम. उत्तरेत तिग्राय आणि एरिट्रिया इथे सशस्त्र बंड चालू होते. पाऊस चुकला हे खरेच, पण त्याच्या जोडीला सैन्याच्या मोहिमा होत्या, बाजारांवर विमानांतून बाँब पडत होते, त्यामुळे धान्याची ये-जा आणि मजुरीसाठीचे स्थलांतर बंद झाले. डोंगराळ मुलखात वाईट वर्षी माणूस जगतो तो बाजारावर आणि हिंडण्यावर. नेमके तेच तोडले गेले. मानवी हक्कांसाठी काम करणारे अभ्यासक ॲलेक्स द वाल यांनी १९९१ साली हे तपशीलवार मांडले. सप्टेंबर १९८४मध्ये, म्हणजे बर्क कोरेमला पोचण्याच्या महिनाभर आधी, राजधानी अदिस अबाबात क्रांतीचा दहावा वाढदिवस थाटामाटात साजरा झाला होता. त्या झगमगाटात उपाशी उत्तरेची वाच्यता सरकारला नको होती. त्या दोन-तीन वर्षांत मेलेल्या माणसांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत आहेत.

मदतीचा ओघ सुरू झाल्यावर तर गोष्ट आणखी बिकट झाली. सरकारने उत्तरेतल्या लोकांना दक्षिण-पश्चिमेत नेऊन वसवायची योजना धडाक्याने राबवली. सुमारे सहा लाख माणसे हलवली गेली, त्यांतली बरीच बळजबरीने. अन्नछत्राच्या छावण्यांत भुकेले लोक आयते एकत्र सापडत, तिथूनच त्यांना मालमोटारींत आणि विमानांत कोंबले जाई. नवरा एकीकडे, बायको-मुले दुसरीकडे. या स्थलांतरात किमान ५० हजार माणसे दगावली असा द वाल यांचा अंदाज. 'सीमाविरहित डॉक्टर' या संघटनेच्या फ्रेंच शाखेचा आकडा याहून बराच मोठा होता. या फ्रेंच डॉक्टरांनी तोंड उघडले, मदत छळाच्या कामी येते आहे असे सांगितले, आणि डिसेंबर १९८५मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. बाकीच्या बहुतेक संस्था गप्प राहिल्या. बोलले तर हाकलले जाऊ आणि समोरची माणसे मरतील, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. गेल्डॉफचेही मत असेच होते, की भुकेल्याला घास द्यायचा असेल तर सैतानाशीही हात मिळवावा लागतो. फ्रेंच डॉक्टर बरोबर की गेल्डॉफ, याचा निकाल घरात बसून देणे सोपे आहे. मी तो देऊ धजत नाही. मात्र एवढे म्हणेन, की गाणे विकत घेणाऱ्या माणसापर्यंत हा पेच पोचलाच नाही.

पैशांचे पुढे काय झाले, याविषयी बऱ्याच वावड्या उठल्या. बँड एड निधीने जहाजे भाड्याने घेतली, सुदानमधले वाहतूकदार अडवून भाव मागू लागले तेव्हा स्वतःच्या मालमोटारी उभ्या केल्या, आणि काही मदत सुदानच्या बाजूने सीमा ओलांडून बंडखोरांच्या मुलखातही पोचवली, जिथे अदिस अबाबाची मदत जाऊ दिली जात नव्हती. हे शेवटचे काम मला गाण्याहून मोठे वाटते, कारण त्यात निदान दोन बाजू आहेत याची जाणीव होती. मार्च २०१०मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने आरोप केला, की तिग्रायसाठी आलेल्या मदतीतली बरीचशी रक्कम बंडखोरांनी शस्त्रांसाठी वळवली. ऐकणाऱ्यांचा ग्रह असा झाला की त्यात बँड एडचेही पैसे होते. गेल्डॉफ खवळला. नोव्हेंबरात बीबीसीने जाहीर माफी मागितली, बँड एडच्या पैशांबाबत असा कुठलाही पुरावा नव्हता असे मान्य केले. ज्या वाहिनीच्या बातमीतून हे सारे जन्मले, तिलाच पंचवीस वर्षांनी माफी मागावी लागली.

इथे थोडे आपल्याकडे वळावे लागते, आणि त्याला कारण आहे. अमर्त्य सेन यांचे 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हे पुस्तक १९८१ साली, म्हणजे या गाण्याच्या तीन वर्षे आधी आले. त्यात १९४३च्या बंगालबरोबर १९७३च्या वोलोचाही अभ्यास आहे. हो, तोच वोलो. दहा वर्षांपूर्वीही तो उपाशी मेला होता. सेन दाखवतात, की त्या साली सबंध इथिओपियात धान्याची फार मोठी तूट नव्हती, आणि वोलोतून तर धान्य बाहेर जात होते. कारण पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या हातात विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि पैसा नसलेल्या माणसाची भूक बाजाराला ऐकू येत नाही.

वोलोत माणसे मरत होती त्याच सुमारास महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ चालू होता. ज्याँ द्रेझ यांनी पुढे आकडे मांडून दाखवले, की १९७२-७३ साली महाराष्ट्रात दरडोई धान्याची उपलब्धता दुष्काळग्रस्त साहेल देशांपेक्षाही कमी होती. तरीही इथे भूकबळींची तशी रास पडली नाही. का? मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मस्टरवर नाव, मोजून मजुरी, पोरांना सुकडी, आणि रेशनवर तो तांबडा परदेशी मिलो, ज्याच्या भाकरीची चव त्या पिढीतला माणूस अजून तोंड वाकडे करून सांगतो. हे सुखाचे चित्र नव्हे. जनावरे गेली, मजुरी थकायची, मापात खोट असायची. पण मजुरी थकली की मोर्चा निघायचा, तहसील कचेरीला घेराव पडायचा, विधिमंडळात गदारोळ व्हायचा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात यायचे. कोरेमच्या माणसाकडे यातले काहीच नव्हते. त्याच्यापाशी होता तो मोहम्मद अमीनचा कॅमेरा.

या कामांतून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. तिच्यासाठी पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारांकडून. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पी. टी.' म्हणून जी किरकोळ रक्कम दरमहा कापली जाते, तिचा उगम हा आहे. ती कापली जाताना कुणी गाणे म्हटले नाही, कुणाला पुण्य लाभल्यासारखे वाटले नाही; उलट लोक कुरकुरलेच. लंडनमध्ये मदतीवर कर बसला म्हणून संताप झाला. मुंबईत करच मदत झाला आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य. एक परदेशाची मदत, दुसरी आपल्याच राज्याची. पण मोंढ्याच्या गावात खडी फोडणाऱ्या बाईला पैसे देणाऱ्याचे आभार मानावे लागले नाहीत. तिने काम केले होते, मजुरी तिची होती.

गाण्याची पुढची कहाणी बरीचशी सर्वांना माहीत आहे. जानेवारी १९८५मध्ये अमेरिकेतल्या कलावंतांनी 'वी आर द वर्ल्ड' गायले. कल्पना हॅरी बेलाफाँटे यांची, रचना मायकेल जॅक्सन आणि लायनेल रिची यांची. १३ जुलैला लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' झाले. त्या दिवसाचा मानकरी ठरला तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी. १९८९, २००४ आणि २०१४ साली नवनव्या गायकांनी बँड एडचे गाणे पुन्हा म्हटले आणि तिन्ही वेळा ते पहिल्या क्रमांकावर गेले. २००५ साली गेल्डॉफ आणि बोनो यांनी 'लाइव्ह ८' मैफली भरवल्या तेव्हा मात्र त्यांनी पैसे मागितले नाहीत. श्रीमंत देशांच्या प्रमुखांवर दबाव आणायचा, एवढाच हेतू होता. त्या जुलैत ग्लेनईगल्सच्या बैठकीत १८ गरीब देशांचे सुमारे ४० अब्ज डॉलरचे कर्ज रद्द करण्याला मान्यता मिळाली. त्यांत इथिओपिया होता. ८० लाख पौंड आणि ४० अब्ज डॉलर हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वीस वर्षांत गेल्डॉफ स्वतः आपल्या गाण्याच्या किती पुढे गेला, हे त्याच्या टीकाकारांनी क्वचितच सांगितले आहे.

तरी एक गोष्ट त्यालाही सुटली नाही. १९८४च्या त्या स्टुडिओत आफ्रिकेतला एकही गायक नव्हता. काळे चेहरे होते ते 'कूल अँड द गँग'चे आणि जोडी वॉटलीचे, म्हणजे अमेरिकन. लाइव्ह एडमध्येही जवळपास तेच. २००५मध्ये टीका झाल्यावर आफ्रिकी कलावंतांसाठी कॉर्नवॉलमध्ये वेगळी मैफल ठेवली, म्हणजे पंगत मांडवात आणि पाहुणे परसात. आफ्रिकेत गाणारे नव्हते का? १९८५ साली कॅमेरूनच्या मानू दिबांगो यांनी पॅरिसमध्ये 'ताम ताम पूर लेतिओपी' हे इथिओपियासाठीचे गाणे केले. युसू एनदूर, सलीफ केइता, मोरी कान्ते, किंग सनी अदे असे पश्चिम आफ्रिकेतले दिग्गज त्यात गायले. ते गाणे ब्रिटनमध्ये फारसे कुणी ऐकले नाही.

आणि खुद्द इथिओपियात? साठ-सत्तरच्या दशकांत अदिस अबाबाच्या रात्री संगीताने जाग्या असत. तिलाहुन गेसेसे, महमूद अहमद, मुलातू अस्तात्के ही नावे आज जगभरचे संगीतप्रेमी आदराने घेतात. दर्गच्या संचारबंदीने त्या रात्री बंद केल्या. १९८७ साली इथिओपियाच्या गायक-नर्तकांचा एक मोठा जथा 'हिझ्ब ले हिझ्ब', म्हणजे 'लोकांकडून लोकांकडे', या नावाने युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. दुष्काळात केलेल्या मदतीबद्दल आभार मानणे हा हेतू. दौऱ्यामागे तीच राजवट होती, हे विसरून चालणार नाही. पण ज्यांना मुके समजून गाणे रचले गेले, त्यांच्यातले गायक तीन वर्षांत दारात येऊन गाऊन गेले.

२०१४च्या आवृत्तीचा पैसा पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला रोगासाठी होता. बोनोची ती ओळ आणि आणखी काही शब्द त्या वेळी बदलले. घानाचा मूळ असलेला ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी याला गेल्डॉफने बोलावले होते. त्याने नकार दिला आणि वर्तमानपत्रात लिहून कारण सांगितले. नायजेरिया, घाना, सेनेगल इथे काय घडते आहे, कोण काय उभारते आहे, हे ज्या चित्रात कुठेच दिसत नाही, ते आणखी एकदा रंगवायला आपण हातभार लावणार नाही, अशी त्याची भूमिका होती. दहा वर्षांनी, गाण्याच्या चाळिशीनिमित्त ट्रेव्हर हॉर्नने जुन्या आवृत्त्यांतले आवाज मिसळून एक नवी तबकडी केली. २०१४मध्ये गायलेला एड शीरन याने सांगितले, की आपला आवाज वापरण्यापूर्वी कुणी विचारले नाही, विचारले असते तर आता नाही म्हटले असते. आणि त्यासाठी त्याने फ्यूज ओडीजीच्या म्हणण्याचा हवाला दिला. गेल्डॉफने बाजू मांडली, की या गाण्याने जिवंत ठेवलेली माणसे खरी आहेत. तेही खोटे नाही.

२०२४च्या अखेरीस फ्यूज ओडीजीने स्वतःचे एक गाणे काढले. त्याचे नाव 'वी नो इट्स ख्रिसमस'.